हेलिकॉप्टर पायलट व्हायचं तर ठाण्यातून सुरुवात कुठून करायची?

ऐरोलीचा मामा

नमस्कार मंडळी. भाची ठाण्यात बारावी सायन्सला आहे. पीसीबी घेतलंय, गणित अकरावीलाच सोडलं. आता म्हणते हेलिकॉप्टर पायलट व्हायचंय. विमान नको, हेलिकॉप्टरच. चष्मा आहे, दोन्ही डोळ्यांना उणे सव्वादोन. ताई-भावोजींना यातलं काही ठाऊक नाही, म्हणून चौकशीचं काम माझ्या गळ्यात.

गणित नसेल तर दार बंदच का? चष्मा चालतो का? बारामतीला फ्लाइंग स्कूल आहे असं ऐकतो, तिथे हेलिकॉप्टर शिकवतात का? आणि आता नवी मुंबई विमानतळ सुरू झालाय तर इथेच काही निघेल का? एका एजंटाने सांगितलंय की अमेरिकेत सहा महिन्यांत कमर्शियल लायसन्स, परत आल्यावर जुहूच्या हेलिकॉप्टर तळावर नोकरी, सगळं मिळून पस्तीस लाख. आकडा ऐकून भावोजी फ्लॅट गहाण टाकायच्या गोष्टी करायला लागलेत. माहीतगारांनी जरा स्पष्ट सांगावं.

फाइलवाला_वाशी

मामा, एजंटाला तूर्त बाजूला ठेवा. लाखांत पैसे भरायच्या आधी बरंच काही घरबसल्या आणि थोडक्यात होतं, ते आधी उरका. क्रम महत्त्वाचा आहे.

सगळ्यात आधी मेडिकल. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं नियामक खातं, त्यांच्या पॅनलवरच्या डॉक्टरकडे आधी क्लास टू मेडिकल, त्यातून फाइल नंबर मिळाला की क्लास वन. कमर्शियल परवान्याला क्लास वनच लागतं. उणे सव्वादोनचा चष्मा अडत नाही. चष्म्यासकट दृष्टी भरली पाहिजे, मग उडताना चष्मा लावायची आणि दुसरा जवळ बाळगायची अट घातली जाते. खरी अडचण येते ती रंगदृष्टीत. इशिहाराच्या ठिपक्यांच्या पाट्यांवरचे आकडे वाचता आले नाहीत तर त्याला चष्म्यासारखा उपाय नाही, आणि बऱ्याच मुलांना ही गोष्ट मेडिकलच्या दिवशी पहिल्यांदा कळते. म्हणून उद्याच जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे इशिहारा करून घ्या. जाण्याआधी रक्त, रक्तदाब, ईसीजी आणि कानाची ऑडिओमेट्री बाहेर करून बघा. हिमोग्लोबिन कमी किंवा कानात मळ, एवढ्याशा कारणाने मुलं तात्पुरती अनफिट होतात आणि पुढचे काही महिने तारखांच्या मागे जातात. क्लास वन हातात येईपर्यंत कुठल्याही शाळेला आगाऊ रक्कम देऊ नका.

गणिताचं. बारावीला फिजिक्स आणि गणित दोन्ही लागतात. पीसीबीवाल्यांनी एनआयओएस या मुक्त शाळेच्या बोर्डातून गणित हा एकच विषय वेगळा द्यायचा, हा रुळलेला मार्ग आहे. ही अट काढून टाकायची चर्चा अधूनमधून वर्तमानपत्रात येते. चर्चेच्या भरवशावर गणित टाळू नका. तसंही नॅव्हिगेशनच्या पेपरात ते मानेवर बसतंच.

मग कॉम्प्युटर नंबर. डीजीसीएच्या परीक्षा पोर्टलवर हा काढल्याशिवाय पेपरला बसता येत नाही. त्यासाठी मार्कशीट खरी असल्याचं बोर्डाचं पत्र लागतं. राज्य मंडळ असेल तर मुंबई विभागाचं ऑफिस वाशीलाच आहे, तुम्हाला ऐरोलीहून दोन रिक्षांचं अंतर. इथे आपल्याकडच्या मुलांची एक खास अडचण होते: बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर उलटा क्रम, पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी असतं कधी गायब. मेडिकल एका नावाने आणि कॉम्प्युटर नंबर दुसऱ्या नावाने निघाला की डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर दोन्हीची सांगड घालताना आक्षेप येतो. आत्ताच सगळीकडे पासपोर्टप्रमाणे नाव एकसारखं करून घ्या. जमत नसेल तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

पेपर: एअर नॅव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक. प्रत्येकात ७० टक्के. टेक्निकल जनरल हेलिकॉप्टरचा वेगळा असतो, फॉर्म भरताना नीट बघा. ठाणे-अंधेरीतले बहुतेक क्लास विमानाचा शिकवतात. तिथे बसलेली मुलं फ्लॅप आणि एलेव्हेटर पाठ करून येतात, रोटरचा डिस्कच त्यांना माहीत नसतो. टेक्निकल स्पेसिफिक हा ज्या मशीनवर शिकणार त्याचाच, म्हणून तो शाळा ठरल्यावर. पहिल्या तिन्हींचा अभ्यास मात्र घरी बसून करता येतो, क्लास सक्तीचा नाही.

याशिवाय रेडिओवर बोलायचा आरटीआर परवाना. हा पूर्वी दूरसंचार खात्याकडे होता. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ ने तो डीजीसीएच्या अखत्यारीत आणला, त्यामुळे जुन्या नोट्समधली प्रक्रिया वाचून फॉर्म भरू नका. लेखी भागात फारसं कुणी अडत नाही. अडतात ते तोंडी भागात, कारण नकाशावरचा प्रवास रेडिओवर बोलून दाखवताना शब्दांची ठरलेली रचना तोंडात बसलेली नसते.

खारघर_रोटर

फाइलवाल्यांनी कागदांचं सांगितलंच आहे. मी उड्डाणाच्या तासांचं सांगतो, कारण एजंट लोक नेमके तिथेच गोंडस बोलतात.

बारामती, शिरपूर, गोंदिया, नागपूर इथे शिकवतात ते विमान. नवी मुंबई विमानतळ एअरलाइनसाठी आहे. जुहूला दिवसभर हेलिकॉप्टर उडतात, पण ती कामाची उड्डाणं. शेजारीच सांताक्रूझची धावपट्टी, त्यामुळे एखाद्या शिकाऊ मुलीला तिथे ऑटोरोटेशनचे (इंजिन बंद पडल्यावर उतरायच्या सरावाचे) फेरे मारत बसायला हवेत जागा नाही. देशात हेलिकॉप्टरसाठी जुनं नाव म्हणजे बंगळुरूची एचएएलची रोटरी विंग अकादमी. जागा मोजक्या, त्यामुळे बॅच कधी आहे आणि त्या बॅचला प्रत्यक्ष किती मशीन उडती आहेत हे विचारूनच पुढे जा. बाकी बहुतेक जण अमेरिका, कॅनडा, दक्षिण आफ्रिका असं बाहेर जातात.

भारतात कमर्शियल हेलिकॉप्टर परवान्याला १५० तास. विमानाला २०० लागतात. आयसीएओ म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटना, तिच्या अ‍ॅनेक्स १ मध्ये १५० तासांच्या पोटात काय असावं ते दिलंय: ३५ तास पायलट-इन-कमांड म्हणजे मशीनची जबाबदारी स्वतःवर, त्यातले १० तास क्रॉस-कंट्री म्हणजे लांबच्या प्रवासाचे आणि त्यात दोन वेगळ्या ठिकाणी पूर्ण उतरलेली एक फेरी, १० तास इन्स्ट्रुमेंट म्हणजे बाहेर न बघता उपकरणांवर उडणं, आणि रात्रीसाठी ५ तास, ५ टेक-ऑफ, ५ लँडिंग. शाळेत गेल्यावर पहिल्या दिवशी लॉगबुकच्या मागच्या पानावर हे रकाने आखून घ्यायचे आणि दर आठवड्याला बेरीज करायची.

आता सापळे. कॅनडात कमर्शियल हेलिकॉप्टर परवाना १०० तासांत मिळतो. तिथली जाहिरात त्यामुळे स्वस्त दिसते, पण परत आल्यावर ५० तास कमी पडतात आणि ते भरायला इथे मशीन सहज मिळत नाही. जायचंच असेल तर करार १५० तासांचा करा.

अमेरिकेत कमर्शियलला एकूण १५० तास लागतात, पण हेलिकॉप्टरवरचे किमान ५०च, बाकी विमानावरचे चालतात. विमानाचा परवाना आधीच असलेले यावर खूश होऊन ५०-६० तासांत परत येतात. भारतात त्याचं किती गणलं जाईल हे डीजीसीएकडून लेखी घेतल्याशिवाय असं करू नका.

दुसरा सापळा जास्त वाईट, कारण तो परत आल्यावर कळतो. अमेरिकन नियमात कमर्शियलच्या आधीचा प्रायव्हेट परवाना मिळाल्यावर कंट्रोल स्वतःच्या हातात असतील तर शेजारी शिक्षक बसलेला असतानाही ती वेळ पायलट-इन-कमांड म्हणून लिहिता येते. तिथे ते पूर्ण कायदेशीर आहे. आपल्याकडे शिक्षक शेजारी म्हणजे ड्युअल. मग लॉगबुकात एकच तास दोन्ही रकान्यांत दिसतो आणि डीजीसीएची फाइल आक्षेप लागून परत येते. पायलट-इन-कमांडमध्ये फक्त एकटीने उडवलेले तास लिहा, आणि ३५च्या जागी ४०-४५ ठेवा. दोन-तीन तास कुठेतरी कापले जातातच.

परदेशातला परवाना भारतीय परवान्यात बदलून घेताना एअर रेग्युलेशन्स आणि कंपोझिट असे दोन पेपर द्यावे लागतात. कंपोझिटमध्ये नॅव्हिगेशन आणि मेट एकत्र. त्यामुळे बाहेर जाणाऱ्यांनी जायच्या आधी अभ्यास करून ठेवलेला बरा.

सहा महिन्यांचं म्हणाल तर कागदावर होतं. प्रत्यक्षात एम-१ विद्यार्थी व्हिसा, तिथल्या टीएसए खात्याची सुरक्षा तपासणी, खराब हवा आणि मशीनचं मेंटेनन्स धरून वर्ष पकडा. शिकवायला सर्रास वापरतात ती रॉबिन्सन कंपनीची छोटी हेलिकॉप्टर २२०० तासांना किंवा १२ वर्षांना पूर्ण ओव्हरहॉलला जातात. शाळेकडे दोनच मशीन असतील आणि एक ओव्हरहॉलला गेलं, तर अर्धे विद्यार्थी बसून राहतात आणि घरभाडं चालू राहतं. शाळेला हाच प्रश्न विचारा: मशीन किती, आणि प्रत्येकाचे ओव्हरहॉलपर्यंत किती तास शिल्लक आहेत. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर समजून जा.

कळवा_नाका

आधी विमानाचा सीपीएल (कमर्शियल परवाना) करून मग हेलिकॉप्टर हा मार्ग कुणी का सुचवत नाही? विमानात नोकऱ्या जास्त आहेत.

खारघर_रोटर

कळवाकर, ज्याला नोकरी हवी त्याने विमानच करावं, हेलिकॉप्टरकडे वळायची गरजच काय? दोन्ही करायचे म्हणजे दोन्हीचे पैसे. हातांच्या सवयीही आड येतात. विमानात वेग कमी व्हायला लागला की नाक पुढे ढकलायची सवय अंगात मुरलेली असते. तीच झटकन केलेली हालचाल दोन पात्यांच्या हेलिकॉप्टरमध्ये जिवावर बेतते. का, ते इथले नेरुळवाले जास्त नीट सांगतील.

नेरुळ_हॉव्हर

सांगतो. मामांच्या भाचीनेही हे वाचावं, कारण पहिल्या ३० तासांत काय करायचंय हे माहीत असलं तर पैसे वाचतात.

रॉबिन्सनच्या आर-२२ किंवा तिच्याहून मोठ्या आर-४४ वर शिकणार असं धरू. डाव्या हातात कलेक्टिव्ह, त्याच्या टोकाला पिळायचा थ्रॉटल, उजव्या हातात सायक्लिक म्हणजे मशीन पुढे-मागे आणि बाजूला कलवायची दांडी, पायाखाली टेल रोटरची पेडल. कलेक्टिव्ह वर घेतला की सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो, उचल वाढते, इंजिनावर भार येतो, आणि रोटर ज्या बाजूला फिरतो त्याच्या उलट बाजूला धड वळायला लागतं. ते पेडलने धरायचं. अमेरिकन रोटर वरून बघितला तर घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून ताकद वाढवताना डावं पेडल. फ्रेंच मशीन, म्हणजे आपल्याकडची एच-१२५ आणि डॉफिन, उलटी. तिथे उजवं पेडल. रॉबिन्सनवर शिकून आलेल्यांचे पाय डॉफिनवर पहिले काही तास हमखास चुकतात.

हॉव्हर, म्हणजे हवेत एका जागी स्थिर राहणं, शिकवताना शिक्षक एकेक कंट्रोल हातात देतो. आधी पेडल, मग कलेक्टिव्ह, शेवटी सायक्लिक. पहिल्यांदा सायक्लिक मिळालं की मशीन झुलायला लागतं, कारण मुलं हालचाल दिसल्यावर ती सुधारतात आणि मशीन थोडं उशिरा उत्तर देतं. तोवर दुसरी सुधारणा झालेली असते. काठोकाठ भरलेली वाटी घेऊन चालताना वाटीकडे बघितलं की सांडते, तसंच इथे. नजर जमिनीवर नको, ५०-६० मीटर पुढे ठेवायची. उजवा हात मांडीवर टेकवायचा, सायक्लिक दोन बोटं आणि अंगठ्यात धरायचं, आणि हालचाल करायची नाही, दाब द्यायचा. मुठीत धरलं की संपलं. बहुतेकांना पाच ते दहा तासांत हॉव्हर जमतो.

आता खारघरकरांनी काढलेला मुद्दा. रॉबिन्सनचा रोटर दोन पात्यांचा, सी-सॉच्या फळीसारखा मधल्या बिजागरीवर डुलणारा. धडाचं वजन रोटरला लटकलेलं असतं तोवरच सायक्लिक धडाला वळवू शकतं. वरून झटकन सायक्लिक पुढे ढकललं की क्षणभर वजन नाहीसं होतं. टेल रोटर मात्र ढकलतच असतो, आणि मशीन उजवीकडे कलायला लागतं. शिकाऊ माणूस साहजिक सायक्लिक डावीकडे मारतो. रोटर डावीकडे झुकतो, धड उजवीकडे जातच राहतं, आणि रोटरचा हब (पाती जोडलेला मधला भाग) मास्टवर, म्हणजे रोटरच्या उभ्या दांड्यावर, आपटतो. याला मास्ट बंपिंग म्हणतात, त्यात मास्टच तुटू शकतो. उपाय: आधी सायक्लिक हळुवार मागे घेऊन वजन परत रोटरवर आणायचं, मग कल सरळ करायचा. हे उड्डाणात करून दाखवायला मनाई आहे, जमिनीवरच शिकवतात.

रोटरच्या कमी आरपीएमचं तितकंच महत्त्वाचं. आर-२२ चा रोटर हलका, त्यात साठलेली ऊर्जा थोडी. आरपीएम ९७ टक्क्यांवर आला की हॉर्न वाजतो. त्या क्षणी थ्रॉटल उघडायचा आणि कलेक्टिव्ह खाली, दोन्ही एकदम. आरपीएम आपोआप सांभाळणारा गव्हर्नर असल्यामुळे मुलं हॉर्न हलक्यात घेतात, पण तापलेल्या दुपारी दोन जड माणसं घेऊन इंजिनाची ताकदच संपली असेल तर गव्हर्नर काय करणार? घाबरून कलेक्टिव्ह वर ओढला की पात्यांचा कोन वाढतो, आरपीएम आणखी पडतो, आणि पाती स्टॉल झाली, म्हणजे त्यांची उचल सुटली, की ती परत फिरवायचा उपाय हवेत नाही.

ऑटोरोटेशन म्हणजे इंजिन बंद पडल्यावर खालून येणाऱ्या हवेवर रोटर फिरता ठेवत उतरणं. आर-२२ वर वेग ६५ नॉटच्या आसपास, रोटर ९७ ते ११० टक्क्यांत. साधारण ४० फुटांवर फ्लेअर म्हणजे नाक वर करून वेग मारणं, ८ फुटांवर मशीन सपाट, टेकता टेकता कलेक्टिव्ह. चूक होते ती सुरुवातीलाच: इंजिन गेल्यावर कलेक्टिव्ह खाली घालायला एक-दीड सेकंदच असतो, आणि विचार करणारा माणूस तेवढ्यात उशीर करतो. म्हणून याचे फेरे मोजून मारायचे नसतात, मागून घ्यायचे. चांगला शिक्षक न सांगता थ्रॉटल कमी करतो. ज्या शाळेत "आता ऑटो करूया" असं सांगूनच ऑटो होतो, तिथे सवय अर्धीच लागते.

कार्ब्युरेटरवाल्या आर-२२ वर एक बारीक गोष्ट: मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिन किती ताकद देतंय ते दाखवणारा आकडा) १८ इंचांच्या खाली नेताना गेज काहीही म्हणो, कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ, पूर्ण ओढायची. दमट हवेत बाहेर २०-२५ अंश असतानाही कार्ब्युरेटरच्या नळीत बर्फ धरतो.

आणि वजन. आर-२२ चं कमाल वजन ६२२ किलो. उपकरणांसकट रिकामं मशीन साधारण ४००. इंधनाला ५० धरा. उरले १७२, त्यात दोन माणसं. एका सीटची मर्यादा सामानासकट १०९ किलो. शिक्षक ९५ चा असेल तर भाची ७७ पर्यंत ठीक, त्यापुढे इंधन कमी करावं लागतं आणि धडा लहान होतो, नाहीतर महागडी आर-४४ घ्यावी लागते. बऱ्याच जणांचं बजेट इथे फुटतं.

ऐरोलीचा मामा

बाप रे. खूप धन्यवाद सगळ्यांना. भाची ५२ किलोची आहे, तेवढा तरी फायदा. पस्तीस लाखांचं काय मग? आणि फौजेतून जाणं हा पर्याय कसा?

खारघर_रोटर

अमेरिकेत आर-२२ ला शिक्षकासह तासाला ढोबळ ३५० ते ४५० डॉलर पडतात. ४०० धरा: १५० तासांचे ६०,००० डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर ५४ लाख, हे नुसतं उडायचं. वर ग्राउंडचे तास, प्रायव्हेट आणि कमर्शियल दोन्हींच्या परीक्षकांची फी, वर्षाचं राहणं-खाणं, विमा, व्हिसा, परत आल्यावर इथला खर्च. रात्रीचे किंवा इन्स्ट्रुमेंटचे तास आर-४४ वर केले तर त्या तासांचा दर दीडपट-दुप्पट. पस्तीस लाखांत प्रायव्हेट आणि थोडं पुढे, एवढंच बसतं. एजंटाचं गणित बहुधा किमान तासांवर आहे. प्रायव्हेटला अमेरिकेत किमान ४० तास लिहिलेत, लागतात ६०च्या पुढे. रॉबिन्सनच्या खास नियमामुळे तर २० तास ड्युअल झाल्याशिवाय एकटीला सोडतच नाहीत.

पैसे एकरकमी भरू नका. तासांच्या ब्लॉकमध्ये भरा आणि न उडलेल्या तासांचे पैसे परत मिळतील असं करारात लिहून घ्या. शाळा बंद पडली की आगाऊ रक्कम बुडते.

जुहू_शिफ्ट

नोकरीचं कुणीच नीट बोललं नाही, म्हणून कडू बोलतो.

१५० तासांचा परवाना आणि पहिली नोकरी यांच्यात मोठी दरी आहे. आपल्याकडे सिव्हिल हेलिकॉप्टर उडवणाऱ्यांत बहुसंख्य फौजेतून निवृत्त. ते हजारो तास, डोंगर, रात्र, समुद्र असं सगळं घेऊन येतात. केदारनाथच्या यात्रेची उड्डाणं एका इंजिनाच्या मशीनवर, एका पायलटवर होतात आणि तिथे डोंगराचा अनुभव मागतात, म्हणजे नव्या मुलांना ते दार नाही. व्हीआयपी उड्डाणांचंही तेच.

नव्या माणसाला शिरकाव मिळतो तो दोन इंजिनं आणि दोन पायलटवाल्या मशीनवर, को-पायलट म्हणून. मुंबईच्या दृष्टीने याचा अर्थ समुद्र. मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर, जुहूहून रिगवर माणसं नेणं-आणणं रोजचं. पण रॉबिन्सनचा परवाना घेऊन कुणी डॉफिनवर किंवा बेल ४१२ वर बसवत नाही. त्या मशीनचं टाइप रेटिंग, म्हणजे त्याच मशीनसाठीची वेगळी परवानगी, लागतं, ते लाखांत जातं, आणि कंपनीने खर्च केला तर बाँड लिहून घेते. तेल कंपनीच्या कंत्राटात क्रूचे किमान तास लिहिलेले असतात, त्यामुळे ऑपरेटरची इच्छा असली तरी हात बांधलेले. इन्स्ट्रुमेंट रेटिंग असेल तर अर्ज वर सरकतो. त्याला आयसीएओप्रमाणे ५० तास क्रॉस-कंट्री पायलट-इन-कमांड आणि ४० तास इन्स्ट्रुमेंट लागतात, म्हणजे १५० च्या पुढचे तास आणि पुढचे पैसे. भावोजींना सांगा, परवान्यानंतरचं एक वर्ष कमाईशिवाय धरा, आणि फ्लॅट गहाण टाकायच्या आधी हा परिच्छेद दोनदा वाचा.

समुद्रावर जायचं तर ह्युएट करावं लागतं, म्हणजे पाण्याखालून हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याचं प्रशिक्षण. इंजिनं, गिअरबॉक्स, रोटर सगळं डोक्यावर असल्यामुळे पाण्यात पडलेलं हेलिकॉप्टर चटकन उलटं होतं. तलावात केबिनचा सांगाडा बुडवून उलटा करतात. एक हात खिडकीच्या चौकटीवर, दुसरा पट्ट्याच्या बकलवर, हालचाल थांबेपर्यंत थांबायचं, खिडकी ढकलायची आणि पट्टा सगळ्यात शेवटी सोडायचा. पट्टा आधी सोडला तर अंग तरंगतं, दिशा हरवते आणि खिडकी ढकलायला आधार राहत नाही. २८ जून २०२२ ला सागर किरण रिगजवळ एस-७६डी पाण्यात उतरलं तेव्हा नऊपैकी चौघे गेले. पोहता येत नसेल तर आजपासून शिकायला लावा, ठाण्यात तलाव आणि तरणतलाव दोन्ही कमी नाहीत.

फौजेचं: आर्मी एव्हिएशनचं प्रशिक्षण नाशिक रोडला, हवाई दलाचं हेलिकॉप्टर प्रशिक्षण हकिमपेटला, नौदलाचं अरक्कोणमला. तिथे शिकायला पैसे पडत नाहीत, उलट पगार मिळतो. पण हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रांचला उणे नंबर चालत नाही, उंची किमान १६२.५ सेंटिमीटर लागते, आणि बारावीला फिजिक्स-गणित तिथेही हवंच. हवाई दलाच्या एफकॅट प्रवेश परीक्षेला वय २० ते २४ आणि पदवी. लेझर शस्त्रक्रियेच्या अटी वेगळ्या आहेत, जाहिरात वाचल्याशिवाय डोळ्यांवर काही करू नका.

कळवा_नाका

वाचून माझा उत्साह मावळला, भाचीचा बघा.

ऐरोलीचा मामा

भाचीने सगळं वाचलं. म्हणते इशिहारा शनिवारी करते आणि गणिताचा फॉर्म भरते. बारावी संपल्यावर मोकळा वेळ आहे, तेव्हा कॉम्प्युटरवर हेलिकॉप्टर सिम्युलेटर घेऊन सराव करू का असं विचारतेय. काही उपयोग होतो का?

नेरुळ_हॉव्हर

हॉव्हरसाठी नाही. साध्या जॉयस्टिकला स्प्रिंग असते, सोडली की मध्ये येते. आर-२२ चं सायक्लिक असं परत येत नाही, शिवाय अंगाला जाणवणारी हालचाल घरी नसते. चुकीचा दाब हाताला बसला तर तो मोडायला शिक्षकाचे दोन तास जातात, ८०० डॉलर. चेकलिस्ट, रेडिओ कॉल आणि नकाशावरून दिशा काढण्यासाठी मात्र घ्या, तिथे पैसे वाचतात.

त्यापेक्षा तिला रोज सकाळी मुंबई विमानतळाचा मेटार, म्हणजे हवामानाचा अहवाल, वाचायला सांगा, फुकट मिळतो. वारा, दृश्यमानता, ढगांचा पाया, तापमान आणि दवबिंदू, क्यूएनएच म्हणजे हवेचा दाब, हे सगळं न बघता सांगता यायला हवं. मेटारमधला वारा खऱ्या उत्तरेपासून मोजलेला असतो आणि टॉवर सांगतो तो चुंबकीय, यावर मेटच्या आणि नॅव्हिगेशनच्या दोन्ही पेपरांत प्रश्न येतात. तापमान आणि दवबिंदू यांतलं अंतर दोन अंशांवर आलं की खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो का ते बघायचं आणि वहीत लिहून ठेवायचं. जूनमध्ये सुरू केलं तर सप्टेंबरपर्यंत मान्सूनचा अर्धा धडा तयार.

फाइलवाला_वाशी

आणि बोर्डाचं पत्र घ्यायला जाल तेव्हा मूळ मार्कशीट आणि दोन-दोन झेरॉक्स बरोबर न्या. दहावी आणि बारावी दोन्हींचं एकदमच मागा.